दुलईसाठी कापसाची निवड

कपाशी पिकविणाऱ्या गावांत एक जुनी चाल आढळते. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस बाजारात जातो आणि हंगामाच्या अखेरीस उरलेला डागाळलेला, कवडी कापूस घरच्या गाद्या-दुलयांसाठी कोपऱ्यात साठविला जातो. परंतु अशी दुलई एका हिवाळ्यातच का गोळा होते आणि त्या ढिगामुळे पुढील वर्षीच्या पिकास कोणता धोका पोहोचतो, याचा विचार क्वचितच होतो.

दुलईची ऊब कापसाच्या वजनात नसून तंतूंमध्ये कोंडून राहणाऱ्या हवेत असते. म्हणून दाब काढताच पुन्हा फुगणारा तंतू भरण्यास उत्तम समजावा. पक्व तंतूची भिंत जाड असल्याने तो ताठ राहतो. अपक्व तंतूची भिंत पातळ असते. तो चपटा होतो, पिंजताना इतरांत गुंततो व त्याच्या बारीक गाठी बनतात. फरदडीच्या व किडक्या बोंडांच्या कापसात असे तंतू पुष्कळ असतात. त्या गाठी सोडविणे कुशल पिंजाऱ्यासही शक्य नसते. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

सूतगिरणीस लांब व तलम धागा हवा असतो, दुलईचे गणित वेगळे आहे. आखूड व जाड धाग्याचा देशी कापूस यासाठी सरस ठरतो. मात्र 2002 नंतर बीटी संकरित वाणांचा प्रसार होऊन देशी कपाशी थोड्याच शेतांत उरली. ज्यांना शक्य असेल त्यांनी अकोल्याच्या एकेए-7 सारख्या देशी वाणाच्या काही ओळी घरापुरत्या लावाव्यात. अन्यथा दुसऱ्या वेचणीचा, पूर्ण उमललेल्या बोंडांचा कोरडा कापूस राखून ठेवावा. मावा किंवा पांढऱ्या माशीच्या चिकट्याने काळवंडलेला कापूस कदापि घेऊ नये. सावरीचा कापूस हलका असला तरी ठिसूळ असतो व कालांतराने त्याची भुकटी होते. तो उशीपुरता वापरावा.

चांगला कापूस अंथरुणात घालावयाचा काय, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर हिशेबात आहे. एका माणसाच्या दुलईस सुमारे 2 किलो रुई लागते. कापसाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग रुई व उरलेला बहुतेक सरकी असल्याने त्यासाठी सुमारे 6 किलो कापूस पुरतो. तो वाचवून दरवर्षी पिंजणावळ व शिलाई पुन्हा भरण्यात कोणता लाभ?

तयार रुई विकत घेताना मूठभर रुई घट्ट दाबून सोडावी. ती सावकाश फुलून आली तर चांगली. गोळा तसाच राहिला तर घेऊ नये. भेसळीची शंका आल्यास चिमूटभर रुई मोकळ्या जागी जपून जाळून पाहावी. कापूस कागदाप्रमाणे जळून मऊ राख राहते; पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. जुन्या दुलईची रुई टाकून देण्याचे कारण नाही. ती उन्हात वाळवून, झटकून, निम्मी नवी रुई मिसळून पिंजावी.

आता त्या कोपऱ्यातील ढिगाविषयी. गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये महाराष्ट्रातील कपाशीचे केलेले नुकसान शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. हंगामाच्या अखेरच्या अळ्यांपैकी काही कोषावस्थेत न जाता सरकीत शिरतात, दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांत उन्हाळा काढतात, आणि पावसाळ्यात त्यांचे पतंग बाहेर पडतात. नव्या कपाशीस पात्या लागल्या की त्यांवर अंडी घालतात. फरदडीचा कवडी कापूस सरकीसह माळ्यावर ठेवणे म्हणजे या किडीला घरात आश्रय देणे होय. तेव्हा घरचा कापूस निवडताच तो लवकर वटवून रुई वेगळी करावी. सरकी उन्हाळ्यापूर्वीच तेलघाणीस द्यावी किंवा जनावरांच्या खुराकात संपवावी. जुळ्या सरक्या व किडकी बोंडे आढळल्यास ती वेचून नष्ट करावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फेब्रुवारी-मार्चमधील गृहभेटींत माळ्यावरील कापसाची चौकशी अवश्य करावी. ही चौकशी घरातील स्त्रियांशी बोलून करावी. अंथरुणासाठी कोणता कापूस ठेवला आहे हे त्यांनाच ठाऊक असते.