हिरव्या रानातील लपलेली तहान

मनुष्य आजारी पडला, म्हणजे आपली व्यथा बोलून दाखवितो. वृक्षाला वाचा नसते. परंतु पाण्यावाचून तळमळणाऱ्या रोपट्याची पाने मलूल होतात आणि पाहणाऱ्यास त्याची अवस्था कळते. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे तसे नाही. त्यांची सुईसारखी ताठ पाने सहजासहजी मान टाकीत नाहीत. वृक्ष आतून मरणपंथास लागला, तरी कित्येक महिने तो बाहेरून हिरवागारच दिसतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. २०१२ ते २०१६ या काळात त्या राज्यात भीषण अवर्षण पडले. अशा वेळी पाणी वाचविण्यासाठी पाइन वृक्ष आपली पर्णरंध्रे मिटून घेतात. रंध्रे मिटली, की हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येत नाही व अन्न पुरेसे तयार होत नाही. मग राळही आटते. राळ हे तर पाइनचे शस्त्र! साल पोखरू पाहणाऱ्या भुंगेऱ्यांना तो राळेच्या धारेने बाहेर लोटतो. शस्त्र गळून पडलेल्या या वृक्षांवर तांदळाच्या दाण्याहूनही लहान भुंगेरे तुटून पडले.

ही लपलेली तहान ओळखावी कशी? ग्रेग अस्नर हे शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी विमानातून अरण्याची पाहणी केली. पानात पाणी भरपूर असले, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे काही अवरक्त किरण ते शोषून घेते. पाणी घटले, की तेच किरण अधिक प्रमाणात परत फिरतात. विमानातील उपकरणाने हा फरक टिपला. या नोंदी उपग्रहांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा २०११ ते २०१५ या काळात सुमारे ५ कोटी ८० लाख मोठ्या वृक्षांतील पाणी चिंताजनक प्रमाणात घटल्याचे आढळले.

पुढे २०१७ च्या अखेरीस अमेरिकेच्या वनसेवेने अंदाज दिला, की २०१० पासून कॅलिफोर्नियात १२ कोटी ९० लाख वृक्ष मेले होते. पाने तांबूस झाल्यावर उपाय करणे व्यर्थ असते. तहान आधीच कळली, तर दाटीतील काही झाडे काढून उरलेल्यांच्या वाट्याला अधिक पाणी देता येते. कुशल वैद्य नाडीवरून रोग जाणतो. अरण्याच्या रक्षकानेही केवळ हिरव्या रंगावर विसंबून राहू नये.

स्वाध्याय
१. पाइन वृक्षाची राळ का आटते?
२. ‘दिसते तसे नसते’ ही म्हण या पाठास कशी लागू पडते?