एस्तेरची पोथी

ज्यात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही, असे एक पुस्तक यहुद्यांच्या पवित्र शास्त्रात आहे. ते एस्तेरचे पुस्तक. अहश्वेरोश राजाचे राज्य हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत 127 प्रांतांवर होते, असे त्याच्या आरंभीच सांगितले आहे. आपल्या देशाचे नाव तेथे पाहून आमचे विद्यार्थी सावरून बसतात!

राजाचा प्रधान हामान याने यहुद्यांच्या संहाराचा दिवस ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी म्हणजे ‘पूर’. त्यावरून सणाचे नाव पुरीम. न बोलावता राजासमोर जाणाऱ्यास देहान्त शासन असे. तरी यहुदी राणी एस्तेर गेली आणि तिने आपले लोक वाचविले.

आधी शास्त्र आणि मग सण, अशी आपली समजूत असते. येथे क्रम उलटा दिसतो. अदार महिन्याच्या चतुर्दशीचा ‘मर्दखयाचा दिवस’ लोक पाळीतच होते. पंडितांचे मात्र एकमत नव्हते. तालमुदात अशी कथा आहे की, माझी कथा पुढील पिढ्यांसाठी लिहा, असा निरोप एस्तेरने पंडितांना धाडला. अशाने परकीयांचा द्वेष ओढवेल, अशी त्यांना भीती वाटली. ती कथा मेदी व पारसी राजांच्या बखरींत आधीच लिहिलेली आहे, असे तिने उत्तर दिले. ही आख्यायिका खरी. पण त्या भीतीला आधार नव्हता, असे कोण म्हणेल?

पवित्र पोथीच्या स्पर्शाने हात विटाळतात, असा त्यांचा संकेत होता. आपल्या सोवळ्याच्या कल्पनेला तो विपरीत वाटेल! तिसऱ्या शतकातील शमुवेल या पंडिताचे मत असे नोंदलेले आहे की, एस्तेरच्या पोथीने हात विटाळत नाहीत. कथा ईश्वरी प्रेरणेची खरी, परंतु ती मुखाने म्हणावी, लिहू नये. तोवर मिश्नेत तिच्या वाचनाचे नियमही ठरून गेले होते. इ. स. 244-45 च्या सुमारास सीरियातील दुरा-युरोपस येथील प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर हीच कथा रंगविली गेली. ग्रीक भाषांतरात तर प्रार्थना घालून ईश्वराचे नावही आणले गेले. उलट, 1947 पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या पोथ्यांत एस्तेरचा एकही तुकडा मिळालेला नाही. आणि 367 साली ख्रिस्ती धर्माध्यक्ष अथानासियस यानेही आपल्या शास्त्रग्रंथांच्या यादीबाहेर, केवळ वाचनीय म्हणून, तिला ठेविले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत; तो बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपासच येतो.