गाजरगवताला भुंगा, उघड्या मातीला मटकी

सोलापूरच्या नवी पेठेत दुकानांच्या पाठीमागे काही जुन्या घरांना अजून परसदार उरलं आहे. एखादा शेवगा, कढीपत्ता, जास्वंद आणि मधली मोकळी जमीन. मृगाची पहिली सर पडली की आठवडाभरात त्या मोकळ्या जमिनीवर गाजरगवत डोकं काढतं. मग कुणीतरी तणनाशक आणतं, गवत जळतं, माती उघडी पडते आणि पुढच्या सरीला तीच रोपं पुन्हा हजर. माझ्या मते चूक होते ती माती उघडी ठेवण्यात. तिथे दुसरं काहीतरी उगवलेलं असेल, तर गाजरगवताला जागाच मिळत नाही.

या तणाची आपल्याकडची पहिली नोंद १९५५ साली पुण्यात झाली. एक झाड दहा-पंचवीस हजार बिया टाकतं, म्हणून फूल येण्याआधी उपटणं हे पहिलं काम. पाऊस पडून माती ओली असताना मूळ सहज निघतं. हातमोजे घाला, नाक-तोंड बांधा; याच्या स्पर्शाने अंगावर खाज उठते आणि परागांनी दम लागतो. फुलं नसलेली झाडं खुशाल खताच्या खड्ड्यात टाका.

परसदारापुरतं उपटणं पुरतं. शेजारचा मोकळा प्लॉट, शेताचा बांध, ओढ्याचा काठ इथे मात्र गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याची मदत घ्या. १९८४ साली बंगळूरला तो मुद्दाम सोडला गेला आणि तिथून पसरला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा, आकार ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. उन्हाळाभर तो जमिनीत झोपून असतो आणि पावसाबरोबर वर येतो. एखाद्या माळावर गाजरगवताचे शेंडे कुरतडलेले दिसले, तर पानं उलटून पाहा; हाच सापडेल. सकाळी हाताने वेचून, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत गाजरगवताच्या पाल्यासकट आणा. दोन-चार भुंगे आणून काही होत नाही. एका जागी ५०० ते १००० सोडावेत. सोडल्यावर तिथे फवारणी आणि खोदाई बंद, कारण त्याच्या अळ्या कोष करायला मातीतच उतरतात. हा भुंगा सूर्यफूल खातो अशी भीती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात उठली होती. तपासात पिकाला खरा धोका आढळला नाही, तेव्हा आपल्या सूर्यफूलवाल्यांनीही घाबरू नये.

भुंगा खाऊन जागा मोकळी करतो, ती भरायला टाकळा ठेवा. काही जण याला तरोटा म्हणतात. बांधावर आणि प्लॉटवर पावसाआधी बी विस्कटलं की गुडघाभर दाट वाढतो, सावली धरतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, हा वरचा फायदा.

परसदारात मात्र मटकी. डब्यातली मूठभर मटकी ओल झाल्यावर विस्कटून टाका आणि वरून खराट्याने हलकीशी माती ओढा. ती उभी न वाढता जमिनीला चिकटून पसरते, थोड्या पावसावर तग धरते, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात हिरवळीसाठी नळ सोडून बसणं मला पटत नाही. शेवग्याच्या आळ्यात कडब्याची धाटं किंवा लिंबाचा पाला अंथरला तरी ओल टिकते.

मित्रकिडींसाठी कडेला चार दाणे चवळीचे लावा. तिच्यावर मावा येईल, येऊ द्या. मावा आला की आठवड्याभरात पानाखाली एक काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसेल. पाय सहा, अंग खरबरीत, दिसायला ओंगळ, म्हणून बहुतेक जण तिला चिरडतात. ती ढालकिड्याची अळी आहे, आणि मावा हेच तिचं खाणं. तिचा खरा शत्रू मुंगळा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी तो तिला हुसकावतो. म्हणून मावा जास्वंदीवर आला, तर तिच्या बुंध्याला चिंधी गुंडाळून वर ग्रीस लावा, मुंगळ्यांची ये-जा थांबेल. शेपू आणि कोथिंबिरीचे दोन-दोन ताटवे फुलू द्यावेत. मित्रकिडींना त्यांचा मध लागतो.

सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. तेव्हा गाजरगवताची दुसरी खेप उगवते. उपटणी पुन्हा करा, विरळ जागी मटकी पुन्हा विस्कटा. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळतात. त्या तडकण्याआधी तोडून फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि मे महिन्यात काढा.