पूरक उपचारकाची कायदेशीर व नैतिक जबाबदारी

उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• उपचारकाच्या अधिकाराची मर्यादा सांगता येईल.
• निष्काळजीपणा व संमती या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• कायदेशीर व नैतिक जबाबदारीतील फरक उदाहरणाने दाखवता येईल.

१. प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, पाठदुखीसाठी योगवर्ग, गुडघ्यासाठी ॲक्युप्रेशर, जुनाट सर्दीसाठी होमिओपॅथी असे उपचार आपल्यापैकी अनेकांनी घेतले असतील. काही जण ते देतही असतील. ‘अशा उपचारांनी अपाय कसला?’ असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात अपाय जसा चुकीच्या उपचाराने होतो, तसाच योग्य उपचाराला झालेल्या विलंबानेही होतो. म्हणून आपल्या विद्येची सीमा ओळखणे ही उपचारकाची पहिली जबाबदारी होय.

२. अधिकाराची मर्यादा
भारतात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व होमिओपॅथी या कायद्याने मान्य केलेल्या वैद्यकपद्धती आहेत. त्यांच्या व्यवसायासाठी विहित शिक्षण व नोंदणी आवश्यक असते. रेकी, सुगंधोपचार यांसारख्या उपचारांसाठी तशी वैधानिक नोंदणी नाही. परंतु नोंदणी नाही म्हणजे उत्तरदायित्व नाही, असे नव्हे. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. निष्काळजी कृत्यामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते.

या संदर्भात ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निर्णय अभ्यासनीय आहे. मुंबईतील एका तापाच्या रुग्णाला होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी आधी विषाणुजन्य ताप आणि नंतर विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. त्यांच्या पत्नीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती मान्य करून तीन लाख रुपयांची भरपाई देवविली. ज्या पद्धतीचे शिक्षण व अधिकार नाही, त्या पद्धतीने उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा होय, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. राज्याच्या कायद्याने स्पष्ट मुभा दिली असेल तर स्थिती वेगळी ठरते. पण अशी मुभा गृहीत धरता येत नाही.

३. संमती
उपचाराचे स्वरूप, अपेक्षित लाभ, संभाव्य धोके आणि अन्य पर्याय समजल्यानंतर रुग्णाने स्वेच्छेने दिलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. ‘समीरा कोहली’ प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही. मर्दन वा ॲक्युप्रेशर करणाऱ्यालाही हा विचार मार्गदर्शक आहे: कोठे व कशासाठी स्पर्श करणार हे आधी सांगावे, आणि रुग्णाने ‘थांबा’ म्हणताच थांबावे.

४. जाहिरातीची भाषा
‘हमखास गुण’, ‘मुळापासून बरे’ असे शब्द आपण भिंतींवर वाचतो. औषधे आणि जादूटोणायुक्त उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा अनुसूचीतील विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. तावीज, मंत्र, कवच यांचाही त्यात समावेश होतो. पहिल्या अपराधासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

५. कायद्यापलीकडील नीती
समजा, मधुमेह असलेल्या एक बाई योगवर्गाला येतात. महिन्याभरात त्यांना हुशारी वाटू लागते व त्या विचारतात, “सर, आता इन्शुलिन बंद करू का?” शिक्षकाने होकार दिला तर तो अधिकाराबाहेर जातो. तो केवळ गप्प राहिला तर कदाचित कायदा त्याला पकडणार नाही, पण त्याचे मौन त्या होकारच समजतील. “ते तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका” हे वाक्य उच्चारणे ही नैतिक जबाबदारी आहे. बाईंचा आजार वर्गातील इतरांपाशी न बोलणे, म्हणजेच गोपनीयता राखणे, हाही तिचाच भाग.

सारांश
कायदा बहुधा हानी झाल्यानंतर प्रश्न विचारतो. नीती तोच प्रश्न आधी विचारते: ‘हे माझ्या अधिकारात आहे का? रुग्णाला सारे समजले आहे का?’ ‘हे माझ्या कक्षेबाहेरचे आहे’ असे वेळीच सांगणे हा उपचारकाचा कमीपणा नव्हे. रुग्णाने टाकलेल्या विश्वासाचे ते रक्षण आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. १९९६ च्या निर्णयातील तत्त्व आपल्या शब्दांत लिहा.
२. आपल्या परिसरातील उपचारविषयक एखादी जाहिरात निवडून तिच्या भाषेचे परीक्षण करा.