घरचा संगणक आणि खंडणीखोर विषाणू : ओळख, निर्मूलन व प्रतिबंध

पूर्वी घरातील महत्त्वाचे कागद लोखंडी कपाटात असत. आज आयकर विवरणपत्रे, विम्याच्या पावत्या, मुलांचे प्रकल्प, लग्नसमारंभाची छायाचित्रे, गृहनिर्माण संस्थेचे हिशेब हा सारा ऐवज संगणकाच्या हार्डडिस्कवर साठविलेला असतो. कपाट फोडणाऱ्या चोराला निदान घरात यावे लागते. संगणकातील ऐवज मात्र दूर देशी बसून ओलीस धरता येतो. फाइली जागच्या जागीच राहतात; परंतु त्यांना असे कुलूप लावले जाते की खुद्द मालकालाच त्या उघडता येत नाहीत. मग किल्लीसाठी पैशांची मागणी होते. अशा घातक प्रोग्रामला ‘रॅन्समवेअर’ म्हणतात. ‘रॅन्सम’ म्हणजे खंडणी. म्हणून मराठीत त्यास खंडणीखोर विषाणू म्हणणे उचित ठरेल.

पूर्वपीठिका

या प्रकाराचे पहिले ज्ञात उदाहरण 1989 सालचे आहे. एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे 20 हजार फ्लॉपी टपालाने पाठविण्यात आल्या. त्यांतील प्रोग्राम काही काळाने फाइलींची नावे सांकेतिक करून टाकी आणि पनामा येथील टपालपेटीच्या पत्त्यावर 189 डॉलर पाठविण्यास सांगे. त्याचे कुलूप कच्चे असल्यामुळे तज्ज्ञांनी ते लवकरच उघडले.

सप्टेंबर 2013 मध्ये आलेल्या ‘क्रिप्टोलॉकर’ या विषाणूचे कुलूप तसे कच्चे नव्हते. काही कुलपे नुसती दाबली की बंद होतात, उघडण्यास मात्र किल्ली लागते. या विषाणूची रीत तशीच आहे. कुलूप घालण्याचे साधन विषाणू आपल्याबरोबर आणतो. उघडण्याची किल्ली गुन्हेगाराच्या संगणकावर राहते. त्यामुळे बाधित संगणकाची कितीही झडती घेतली तरी किल्ली सापडत नाही.

दिनांक 12 मे 2017 रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी उपलब्ध केली होती. वेळीच ती बसवून घेणाऱ्यांचे दार त्याला बंद होते.

घरगुती संगणकांना 2018 नंतर विशेष उपद्रव दिला तो ‘स्टॉप’ नावाच्या विषाणूने. महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळावे म्हणून जे ‘क्रॅक’ उतरवून घेतले जातात, त्यांच्यासोबत तो येतो. फाइलींना कुलूप लावीत असताना पडद्यावर विंडोज अद्ययावत होत असल्याचा देखावा दाखवितो. मागून 980 डॉलरची मागणी होई आणि 72 तासांत पैसे दिल्यास निम्मी सवलत देऊ केली जाई. ही घाई आणि ही सवलत, दोन्ही माणसाला विचार करण्यास उसंत मिळू नये यासाठीच असतात.

बाधा कशी ओळखावी?

1. नेहमीच्या फाइली उघडत नाहीत व त्यांच्या नावापुढे एखादे अनोळखी शेपूट जोडलेले दिसते.
2. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ किंवा तत्सम नावाची चिठ्ठी आढळते व तीत पैशांची मागणी असते.
3. कारण नसता संगणक मंदावतो आणि हार्डडिस्क अखंड चालू राहते.
4. सुरक्षा सॉफ्टवेअर आपोआप बंद पडते.

येथे एक फरक ध्यानी घ्यावा. इंटरनेट पाहताना कधी संपूर्ण पडदा व्यापून ‘पोलिसांनी आपला संगणक बंद केला आहे, दंड भरा’ असा मजकूर झळकतो. बहुधा तो निव्वळ बागुलबुवा असतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला व फाइली पूर्ववत उघडल्या, तर कुलूप लागलेलेच नाही असे समजावे. अशा संदेशातील दूरध्वनी क्रमांकावर कदापि संपर्क साधू नये.

बाधा झाल्यास काय करावे?

विषाणू काढून टाकणे आणि फाइली सोडविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले झाले म्हणून दुसरे होत नाही. चोर हाकलला तरी त्याने घातलेले कुलूप तसेच राहते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

*प्रथम संपर्क तोडावा.* इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे, पेनड्राइव्ह व बाह्य हार्डडिस्क अलग करावी. डोळ्यांदेखत फाइलींची नावे बदलत असतील तर संगणक तत्काळ बंद करावा.

*दुसरे, बँक खाते सुरक्षित करावे.* ‘स्टॉप’सारखे विषाणू अनेकदा पासवर्ड चोरणारा साथीदार बरोबर आणतात. म्हणून बाधित संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या सुरक्षित साधनावरून ई-मेल व इंटरनेट बँकिंगचे पासवर्ड बदलावेत आणि खात्यावरील व्यवहार तपासावेत. अनधिकृत व्यवहार आढळल्यास बँकेस त्वरित कळवावे व 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

*तिसरे, पुरावा जपावा.* खंडणीच्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे आणि कुलूपबंद फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. संगणक दुरुस्त करणारे बहुधा आधी ‘फॉरमॅट’ सुचवितात. त्यापूर्वी ही प्रत घेतलीच पाहिजे. क्रिप्टोलॉकरच्या किल्ल्या 2014 साली तज्ज्ञांच्या हाती लागल्या, तेव्हा फाइली जपून ठेवणाऱ्यांनाच त्यांचा उपयोग होता.

*चौथे, निर्मूलन.* विंडोजमधील डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी करावी. ती विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच होत असल्याने लपलेला विषाणू सापडण्याची शक्यता वाढते. तथापि हार्डडिस्क पुसून विंडोज नव्याने बसविणे हाच अधिक खात्रीचा मार्ग होय.

*पाचवे, फाइलींची सुटका.* नेदरलँड्स पोलीस, युरोपोल व दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै 2016 मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तेथे चिठ्ठी व नमुन्याची फाइल दिल्यास विषाणूचा प्रकार ओळखण्यास साहाय्य होते व उपाय असल्यास साधन विनामूल्य मिळते. ‘स्टॉप’च्या बाबतीत, विषाणूचा आपल्या सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही तर तो एक ठरावीक किल्ली वापरतो, अशा फाइली सुटण्याची आशा असते. साधन मात्र विश्वासू ठिकाणाहूनच घ्यावे. फाइली सोडविण्याच्या नावाखाली 2020 साली एक बनावट साधन पसरले होते. त्याने बाधित फाइलींवर दुसरे कुलूप चढविले.

खंडणी द्यावी काय?

देऊ नये. बँकेच्या व्यवहारात समोरचा पक्ष ज्ञात असतो, पावती असते, दाद मागण्याची सोय असते. येथे यांपैकी काहीच नाही. वॉनाक्रायमध्ये तर पैसे कोणी भरले हे आपोआप ओळखण्याची धड व्यवस्थाही नव्हती. शिवाय दिलेली खंडणी पुढील गुन्ह्याचे भांडवल ठरते.

प्रतिबंधाचे उपाय

1. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. बाह्य हार्डडिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. ती सतत जोडलेली असेल तर तिलाही कुलूप लागते. इंटरनेटवरील साठवणीत जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे ना, हे पाहावे. अन्यथा बिघडलेली फाइलच तेथे चढते.
2. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. मधूनमधून तिच्यातील एखादी फाइल उघडून पाहावी.
3. विंडोज व ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. विंडोज 10 चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.
4. चोरीचे सॉफ्टवेअर वर्ज्य करावे. वाचलेल्या पैशांहून जाणारा ऐवज मोठा असतो.
5. ई-मेलमधील अनपेक्षित बिल, कुरिअरची पावती वा नोटीस उघडू नये. विंडोजमध्ये फाइलींचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय करावी, म्हणजे पीडीएफचे सोंग घेतलेला प्रोग्राम ओळखता येतो.
6. दैनंदिन कामासाठी प्रशासकाचे खाते न वापरता साधे खाते वापरावे. डिफेंडरमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय सुरू केल्यास अनोळखी प्रोग्रामला निवडक फोल्डरमधील फाइली बदलता येत नाहीत.

या साऱ्यांत पहिला उपाय सर्वांत मोलाचा आहे. बाकीचे उपाय विषाणूस दाराशी अडवितात; परंतु तो आत आलाच, तर अलग ठेवलेली प्रतच कामी येते. जिच्यापाशी ती प्रत आहे, त्या कुटुंबाकडे मागण्यासारखे गुन्हेगारापाशी काही उरत नाही. दरमहा पासबुक भरून घेण्याचा दिवस ठरलेला असतो. त्याच दिवशी फाइलींची प्रत घेण्याचा परिपाठ ग्राहकांनी ठेवल्यास अर्ध्या तासाच्या कामात वर्षानुवर्षांचा ठेवा सुरक्षित राहील.