विमान जोडणारे हात

विमान म्हटले की वैमानिक आठवतो; ते घडवणारे कारागीर मात्र दृष्टीआड राहतात. नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत २०१९ मध्ये फ्रान्सच्या दसॉल्ट एव्हिएशन कंपनीच्या सहकार्याने विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. महागडे अभियांत्रिकी शिक्षण ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा दहावी उत्तीर्ण मुलामुलींना त्यामुळे नवी वाट मिळाली.

या कामात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना छिद्रे पाडून ते रिव्हेटने सांधावे लागतात. सदोष छिद्रापासून पुढे तडा वाढू शकतो. वेळीच सांगितलेली चूक दुरुस्त करता येते. झाकलेली चूक विमानाबरोबर उडते. म्हणूनच कौशल्याला सचोटीची जोड हवी.

पाठगत प्रश्न : विमानाच्या कारागिराने आपली चूक का झाकू नये?