कल्चरचा कागद जपून ठेवा

आमच्या नानांचं खुब्याचं हाड मोडलं ते मावळातल्या इंदुरीत, घराच्या ओट्यावरून उतरताना. जवळच्याच एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन चांगलं झालं. ताप आला तो नंतर, लघवीच्या नळीमुळे. लगेच अँटिबायोटिक सुरू झालं आणि लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते पाहायला, गेला दुसऱ्या दिवशी. औषधाने जंतू दबले की कल्चरमध्ये काही वाढत नाही. रिपोर्ट तसाच कोरा आला. ताप हटेना म्हणून पुन्हा नमुना गेला, तेव्हा क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला. औषधांच्या यादीपुढे ओळीने ‘आर’, म्हणजे उपयोग नाही. मेरोपेनेमपुढेही ‘आर’च. उरलं एखाददुसरं, तेही किडनीवर लक्ष ठेवून द्यायचं.

डिस्चार्ज कार्डावर मात्र एवढंच: ‘युटीआय (लघवीचा संसर्ग), उपचार केले.’ जंतूचं नाव नाही.

पुढे पुन्हा ताप भरला आणि नानांना पुण्याला न्यावं लागलं. तिथे कार्ड वाचून नेहमीचंच इंजेक्शन लिहिलं गेलं. वहिनींनी जुन्या रिपोर्टचा फोटो मोबाइलवर ठेवला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि संध्याकाळपर्यंत औषध बदललं, खाटही वेगळ्या खोलीत गेली.

या जंतूंवर देशात नजर नाही असं नाही. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये लिहिलं होतं की, कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 हे औषध निकामी करणारं एन्झाइम सापडलं. 2013 पासून आयसीएमआरचं जाळं दरवर्षी आकडे गोळा करतं. पण ते मुख्यतः मोठ्या हॉस्पिटलांचे. मावळातल्या छोट्या हॉस्पिटलाचा नमुना बहुधा बाहेरच्या लॅबला जातो, रिपोर्ट फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. पेशंट एका हॉस्पिटलातून दुसरीकडे गेला तर जंतू बरोबर जातो, माहिती जात नाही. ती आपणच न्यायची.

म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी सिस्टरना विचारा, कल्चर पाठवलं का? पेशंट गंभीर असेल तर त्यासाठी औषध मात्र अडवू नका. नळी जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतात. पिशवीत साठलेली लघवी चालत नाही. ताप वगैरे काही नसताना ‘एकदा कल्चर करून बघा’ म्हणून मागे लागू नये. नळी बरेच दिवस राहिली की लघवीत जंतू सापडतातच, आणि मग नको ते औषध पोटात जातं. त्यापेक्षा रोज विचारावं, नळी आज काढता येईल का?

नानांच्या वॉर्डात चौघांच्या पिशव्या रिकाम्या करायला एकच मग फिरत होता. मध्ये हातमोजे बदलणं नाही, हात धुणं नाही. जंतू या खाटेवरून त्या खाटेवर जायला याहून सोपी वाट कुठली? आम्ही वेगळा मग आणून त्यावर खाटेचा नंबर लिहिला. वॉर्डातले मामा कुरकुरले, पण वापरू लागले. पिशवी जमिनीला टेकवू नका आणि पेशंटच्या कमरेच्या वर उचलू नका, हे मात्र त्यांनीच आम्हाला शिकवलं.

ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल, तर हॉस्पिटल निवडताना आणखी एक विचारता येतं: तुमच्याकडे सापडणाऱ्या जंतूंवर कुठलं औषध किती चालतं, याचा तक्ता आहे का? त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. पुढे नानांच्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आम्ही दोन ठिकाणी विचारलं. एकीकडे इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी भिंतीवरचा तक्ता दाखवून समजावून सांगितलं. दुसरीकडे उत्तर मिळालं, “पेशंटला काय करायचंय ते?”